वीस उलट्या बाजू

आमच्या धंद्यात काम दिसलं की ते वाईट काम. गिऱ्हाईक कोट घेऊन उजेडात जातं, बाही खाली-वर करून बघतं आणि विचारतं, "कुठं होतं हो भोक?" एवढीच आमची शाबासकी. त्यापुढं काही बोलायची पुण्यात पद्धत नाही, आणि आम्हीही कधी वाट बघितली नाही.

मी रफू करते. कसबा पेठेत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक ओटा, एक शटर आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. कुणी फार वेळ बसू नये म्हणून ती मुद्दाम मोडकी ठेवलीय, असं लोक म्हणतात. तसं काही नाही, ती खरंच मोडकी आहे. आधी सासरे बसायचे, मग माझे मालक, ते गेल्यावर मी. घरात आम्ही आपसांत दख्खनी बोलतो, पण लिहायला मी मराठीच शिकले. शाळेत न जाता शिकले. गिऱ्हाइकांचे कपडे ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचे, ती वाचून. तेव्हा लिहिण्यात कुठं काही उणं दिसलं तर चालवून घ्या.

सांगायचंय ते माझ्या नातीबद्दल. मुलाची मुलगी. सातवीत असल्यापासून शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकून माझ्या शेजारी बसायची. सुरुवातीला सुईत दोरा ओवून द्यायची, माझे डोळे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मग हळूहळू लहान भोकं तिच्याकडं, मोठी माझ्याकडं. मग कधी उलटं झालं ते मला कळलंच नाही. बारावीला गेली तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं की कापड आणि डिझाइन शिकवणारं जे मोठं विद्यापीठ आहे, तिथंच अर्ज करायचा. नाव नाही सांगत. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारी मिरवते. मिरवतेच आहे, पण बेतानं. देशभरातून हजारो मुलं तिथं अर्ज करतात आणि घेतात मोजकी.

माझा मुलगा वाघोलीला नोकरी करतो, सरळ माणूस आहे. तो म्हणाला, "एकदा प्रयत्न कर. नाही झालं तर बीकॉम. मग रडायचं नाही."

ती म्हणाली, "नाही रडणार." पण मला माहीत होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. तिथं हातमाग आहेत, सूत रंगवायला शिकवतात, जुनी वस्त्रं जपायला शिकवतात, हे ती मला इतक्यांदा सांगायची की जणू मीच अर्ज भरणार होते.

आता अर्जात लिहिलेलं होतं : तुमच्या कामाच्या वीस नमुन्यांचे फोटो पाठवा.

झालं. इथंच आमची गाडी अडली. चित्र काढणाऱ्याकडं चित्रं असतात, मडकी करणाऱ्याकडं मडकी. आमच्याकडं काय असतं? कपडा येतो, भोक बुजतं, कपडा जातो. आणि भोक बुजलं की तिथं काहीच नसतं, त्यासाठीच तर लोक येतात. पोरीनं दुकानात होते त्या कपड्यांचे फोटो काढले आणि शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना दाखवले. सर म्हणाले, "कोट छान आहे. पण यात तुझं काम कुठाय?" ती म्हणाली, "सर, बाहीवर." सरांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाले, "बाही छान आहे."

त्या संध्याकाळी ती ओट्यावर तेच फोटो पुन्हा पुन्हा बघत बसली. मी एक शाल हातात घेतलेली, बोलता बोलता ती उलटी करून शेंडे तपासत होते. हे जरा समजावून सांगते. रफूला धागा बाहेरचा घेत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून एकेक धागा ओढून काढायचा, म्हणजे रंगाला रंग मिळतो. मग भोकावर एक धागा वरून, एक खालून, असं नवं कापडच विणायचं. वरची बाजू साफ. पण धाग्यांचे शेंडे मागं थोडे सोडावे लागतात, अगदी बुडातून कापले तर धुतल्यावर निसटतात. त्यामुळं उलट्या बाजूला केसाळ सुरवंट चिकटल्यासारखं दिसतं. माझ्या सासऱ्यांचे दोन नियम होते. गिऱ्हाइकाला उलटी बाजू दाखवायची नाही, आणि कुणाचं काय फाटलं होतं ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. कपडा द्यायचा तो घडी घालून, सुलट बाजू वर.

पोर त्या शालीकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "दादी, हेच पाठवायचं."

"काय?"

"उलट्या बाजू. वीसच्या वीस."

"वेड लागलंय का? घरातला पसारा कुणी पाहुण्यांना दाखवतं का?"

"तू शिकलीस कशी, सांग बरं."

मला कुणी शिकवलं नव्हतं. बायकांनी ओट्यावर बसायची तेव्हा रीत नव्हती. सासरे दुपारी जेवायला आत आले की मी पाणी शिंपडायच्या निमित्तानं बाहेर जायची, त्यांनी केलेले कपडे उलटे करायची आणि धागे मोजायची. किती वरून, किती खालून. चार वर्षं अशी पाठीमागून शिकले. हे मीच तिला कौतुकानं सांगितलेलं. म्हटलं, "काढ बाई फोटो. सासऱ्यांना मी वर गेल्यावर समजावीन."

दुकानातल्या कपड्यांचे, ओळखीच्या गिऱ्हाइकांना विचारून विचारून, एकोणीस झाले. त्यातला एक माझ्या हातचा, कोटाचा. तो तिनं हट्टानं त्यात घेतला आणि खाली तसं लिहिलं. पण तिचं सगळ्यात मोठं काम आमच्याजवळ नव्हतंच. एका पैठणीचा पदर निरांजनानं जळाला होता, मोराच्या अगदी मानेपाशी. तो तिनं एकटीनं विणला होता, दीड महिना. ती पैठणी होती सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. अर्जाला चारच दिवस राहिले होते. फोन नंबर नव्हता, पत्ता पावतीवर होता. गेलो.

तिसरा मजला. बाईंनी दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्यांना ओळखतो हाच गुन्हा. त्यांच्या मागं सोफ्यावर आणखी एक बाई चहा पीत बसलेल्या.

"काकू, ते पैठणीचं..." पोर बोलून गेली.

"पैठणी आम्ही विकत नाही," बाई म्हणाल्या. "आणि घेतही नाही. खाली पाटी वाचली नाही का? विक्रेत्यांना मनाई आहे."

आतून आवाज आला, "कोण आहे गं वहिनी?"

"कुणी नाही हो वन्सं. पत्ता चुकलेत." आणि दार लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं. मला सगळं कळलं.

जिन्यात पोरीच्या डोळ्यांत पाणी. "दीड महिना केलं मी ते, दादी. आणि म्हणे पत्ता चुकलेत!"

मी म्हटलं, "चुकल्या त्या नाहीत, आपण. पैठणी त्यांच्या सासूची, रफूला देताना म्हणाल्याच होत्या, आणि नणंदेला वाटतंय ती जशीच्या तशी आहे. तिच्यासमोर आपण रफूचं नाव काढलं असतं तर? गुपित ठेवायचे आपल्याला पैसे मिळालेत." असं म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. विसावा फोटो कुठल्या तरी साध्या पँटचा टाकू म्हटलं तर ती म्हणाली, "टाकते. पण मग त्यांना कळणार नाही मला काय येतं ते." बरोबर होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तर खाली कोल्हापुरी चपला दिसल्या. बाई पिशवी घेऊन उभ्या.

"काय हो चाची, न सांगता दुपारी चारला कुणाच्या घरी जायचं असतं का? आणि तेही बुधवारी?"

"बुधवारचं काय, बाई?"

"बुधवारी वन्सं असतात. अख्ख्या पेठेला माहीत आहे." त्या खुर्चीवर बसल्या, खुर्ची करकरली, त्यांनी खुर्चीकडं असं बघितलं की ती गप्प झाली. "बोला. काय हवं होतं?"

पोरीनं सगळं सांगितलं. बाई गृहपाठ तपासावा तसं ऐकत होत्या. "म्हणजे सुलट बाजू नकोच?"

"नको, काकू."

"मग खुशाल काढ. एवढ्याशा उलट्या तुकड्यावरून वन्सं काय, विणणारासुद्धा ओळखणार नाही." असं म्हणत त्यांनीच पदर उलटा केला आणि थबकल्या. त्यांनीही ती बाजू पहिल्यांदाच बघितली असणार. चष्मा बदलला. पदर उजेडाकडं धरला.

"हे सगळं तू केलंस? एकटीनं?"

"हो."

"चुका काढायच्या म्हणून बघत होते. सवय आहे मला. नाही सापडल्या."

पोर लाल झाली. मी दुसरीकडं बघायला लागले, कारण माझाही चेहरा काही बरा नव्हता. मग बाईंनी अर्जाबरोबरचा निबंध मागितला, तिथंच पर्समधून लाल पेन काढलं. "हे पानभर काय लिहिलंय, लहानपणापासून आवड, स्वप्न वगैरे? सगळ्यांनाच आवड असते. हे खोड. हात काय करतात ते लिही. धागा कुठून काढतेस, किती सोडतेस, का सोडतेस." तासभर बसल्या त्या, मोडक्या खुर्चीवर. जाताना मला म्हणाल्या, "निकाल लागला की कळवा. मात्र बुधवार सोडून."

अर्ज गेला. दीड महिन्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. मी सोबत गेले, परगावी, आगगाडीनं. इतकं मोठं आवार, झाडं, आणि सगळ्या मुलांच्या हातात ही एवढाली चित्रांची फोल्डरं. आमची पोर एक छोटी पिशवी घेऊन. मी बाहेर बाकावर बसले. बाहेर आली तेव्हा हसत होती, आणि आत काय झालं ते तिनं सांगितलं.

तिघं बसले होते. एकानं विचारलं, "सगळे फोटो उलट्या बाजूचेच का?"

ती म्हणाली, "सुलट बाजूचे पाठवले असते तर तुम्हाला नुसते कपडे दिसले असते."

मग विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं काम कुठलं? तिनं पैठणी नाही दाखवली. माझा कोट दाखवला. म्हणाली, "हे दादीचं. मी अजून इथवर पोहोचले नाही. पण यातही सातव्या ओळीत एक धागा सुटलाय."

"काय म्हणालीस?" मी बाकावरून उठलेच. "माझा धागा सुटलाय? आणि ते तू त्यांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, दादी."

"त्यांनी चांगलं काय ते विचारलं होतं!"

परतीच्या गाडीत मी पहिला तासभर तिच्याशी बोलले नाही. मग हळूच म्हटलं, दाखव तो फोटो. तिनं मोबाइलवर मोठा करून दिला. मी मोजलं. एक, दोन, तीन... सातव्या ओळीत सुटला होता. चाळीस वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती, कारण कुणी कपडा उलटा करून बघितलाच नव्हता. तेव्हा मला जे वाटलं ते सांगते. राग कुठल्या कुठं गेला आणि छाती अशी भरून आली की समोरच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, फार बरं वाटतंय. जिला माझी चूक दिसते, तिला आता माझ्यापुढं जायला हवं. विद्यापीठानं घेतलं तर त्यांचं नशीब, असंही मनात आलं. पण ते मी बोलले नाही, नाहीतर पोर डोक्यावर बसली असती.

निकाल एका दुपारी लागला. धीर होईना म्हणून पोर मोबाइल उघडायलाच तयार नव्हती. तेवढ्यात वाघोलीहून मुलाचा फोन. त्यानं कामावरूनच बघितला होता.

"अम्मी, नाव आहे! यादीत नाव आहे तिचं!" आणि मग गळा साफ करून, "मी तर आधीपासून म्हणत होतो."

"काय म्हणत होतास? बीकॉम म्हणत होतास."

पोरीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ओट्यावर खाली बसून रडली. रडणार नाही म्हणाली होती, पण ते नाही झालं तरचं ठरलं होतं, झालं तरचं काही ठरलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. सून घरून धावत आली, तिच्या हाताला पीठ तसंच. शेजारचा किल्ल्या करणारा उठून आला, समोरचा भांडीवाला आला. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं, कुणाला सुट्टी दिली नाही.

त्यात पाच वाजले. पाचला एक गृहस्थ कोट न्यायला येणार होते, ते आले. घड्याळ बघतच आले.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या नातीला प्रवेश मिळाला. अख्ख्या देशातून मोजकी मुलं घेतात."

"वा, अभिनंदन," ते म्हणाले. "कोट झालाय का?"

"झालाय."

"मग द्या."

"देते हो," मी म्हटलं, "बसा त्या खुर्चीवर. आधी सगळं ऐकून घ्या."