ताईचा नंबर शेवटचा

ताई दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. मशीनमधून ओल्या चादरींचे गठ्ठे उपसायचे, वाळवायचे, इस्त्रीच्या मोठ्या रुळांखालून काढायचे आणि घड्या घालून वॉर्डांत पाठवायचे, यात तिचा दिवस जायचा. ओली चादर किती जड असते ते उचलल्याशिवाय कळत नाही. ताईचे दंड पाहून लाँड्रीचा मुकादमसुद्धा तिच्याशी जरा जपूनच बोलायचा.

पण दंड कितीही दणकट असले तरी ताईचा नंबर सगळीकडे शेवटचा. आई लवकर गेली, तेव्हापासून वडिलांना आणि दोन धाकट्या भावांना वाढून झालं की मग उरलेलं पातेलं घेऊन ही ओट्याशी उभ्या उभ्या जेवायची. भाऊ आता चांगले मिशीवाले बाप्ये झाले होते, पण रीत काही बदलली नव्हती. माणसं वाईट नव्हती हो. बटण दाबलं की दिवा लागतो, तसं टेबलाशी बसलं की ताई वाढते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आंघोळीला ताई शेवटी, त्यामुळे गरम पाणी संपलेलं. फोटोत ताई मागच्या रांगेत कडेला, त्यामुळे एखादा कान तेवढा आलेला.

सुट्टीच्या दिवशी ती गल्लीतल्या तरुण पोरापोरींचा गट चालवायची. कुणी कॉलेजात, कुणी दुकानात कामाला. या गटाची एका दिवसाची सहल ठरली, तळ्याकाठच्या झाडीतल्या शिबिरात. झाडांना दोर बांधून केलेले पूल, जाळ्या, सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ. शिबिराच्या पत्रकावर एक फोटो होता. डोक्याला हेल्मेट घातलेली एक बाई तळ्यावरून गेलेल्या तारेला लटकून सुसाट चालली आहे आणि तिचं तोंड आ वासलेलं आहे. ताईने तो फोटो लाँड्रीतल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तारीख लक्षात राहावी म्हणून, असं तिने मैत्रिणीला सांगितलं. तारीख पत्रकाच्या मागच्या बाजूला होती.

सकाळ झकास गेली. दोरांच्या पुलावर पोरांनी आरडाओरडा करून झाडावरचे पक्षी पळवून लावले. ताई सगळ्यांच्या मागून, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या काखेत मारून पार झाली. दुपारी शिबिराची प्रशिक्षक त्यांना एका भिंतीपाशी घेऊन आली. ही शिडशिडीत पोरगी गळ्यात शिट्टी घालायची, पण तिच्या आवाजापुढे शिट्टी म्हणजे निव्वळ दागिना होता.

भिंत गुळगुळीत फळ्यांची, दोन माणसांइतकी उंच. धरायला खाच नाही, खुंटी नाही, दोरही नाही. वर मागच्या बाजूला उभं राहायला माची होती. एकदा वर गेलेल्याने वरूनच ओढायचं, खाली उतरून ढकलायचं नाही.

"सगळे वर गेले तर संध्याकाळी तळ्यावरची तार," प्रशिक्षक म्हणाली. "एक जरी खाली राहिला तर कुणालाच नाही. सगळे म्हणजे सगळे."

वाद घालण्यात पटाईत म्हणून ज्याला सगळे वकील म्हणत, त्या कॉलेजच्या पोराने लगेच बेत आखला. ताई म्हणाली, "मी शेवटी." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकेक जण खांद्यांवर चढून, ढकलला जाऊन वर गेला आणि खाली उरली एकटी ताई. आता तिला ढकलणार कोण? वरून वकिलाने हात खाली सोडला. ताईने उडी मारली, बोटं बोटांना लागून सुटली. दुसऱ्या उडीत वकिलाची अख्खी बाही तिच्या हातात आली. सगळे खो खो हसले, पण ताई अजून खालीच होती.

"मला सोडा रे," ताई म्हणाली. "माझं नाव काढा यातून. मी पिशव्या सांभाळते, तुम्ही जा तारेवर."

ती पटकन पाठमोरी झाली, कारण तिला रडू आलं होतं. त्या तारेवर जायची तिला किती हौस होती हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. न सांगितलेली गोष्ट सोडून देणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. मुळीच सोपं गेलं नाही.

"नाव काढता येत नाही," प्रशिक्षक म्हणाली. "पण उजेड आहे तोवर पुन्हा पहिल्यापासून करता येतं."

सगळे खाली उतरून गवतावर बसले. गटात एक शिवणकाम करणारी पोरगी होती. इतकी अबोल, की तिला सगळे मुकी म्हणत. ती म्हणाली, "ताईला आपण शेवटी का ठेवलं?"

"तीच म्हणाली की," वकील म्हणाला.

"ती नेहमीच म्हणते. आपण कधी नाही म्हटलंय?" मुकी एवढं बोलली म्हणूनच सगळे चपापले. "आणि वरून ओढायला आपल्यात जोर कुणाकडे आहे?"

सगळ्यांचे डोळे ताईच्या दंडांवर गेले. ताईने बाह्या खाली ओढल्या.

"छे छे, मी पहिली? माझं वजन कोण उचलणार?"

"मग आम्ही एवढे सगळे काय शोभेला आहोत?" वकील म्हणाला आणि भिंतीला हात टेकून वाकलासुद्धा.

ताई चढली. आधी गुडघ्यावर, मग पाठीवर, मग खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीला "लागलं का रे?" विचारत.

"ताई, चौकशी वर जाऊन कर," खालून वकील कण्हला. "खांदा चाललाय माझा."

वर पोचल्यावर ताई माचीवर पालथी पडली, हात खाली सोडले आणि कामाला लागली. एकेकाला मनगटाला धरून तिने असं उपसलं की पोरं वर येऊन आपले हात जागेवर आहेत का ते बघत होती. "काही वजनच नाही तुम्हाला," ती म्हणाली. "जेवत जा रे जरा." सगळ्यांत शेवटी मुकी. दोघांनी ताईचे पाय घट्ट धरले, मुकीने उडी मारली, आणि ताईने ती वरच्या वर झेलली. मग माचीवर जो दंगा झाला, त्यात प्रशिक्षकाचा आवाजसुद्धा बुडाला.

संध्याकाळी तारेपाशी रांग लागली. सवयीने ताई बाटल्या गोळा करत मागे गेली होती.

"पहिलं कोण?" प्रशिक्षकाने विचारलं.

वकिलाने पाऊल उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी."

ताई रांगेच्या कडेने पुढे आली, बाटल्यांचा ढीग वकिलाच्या हातांत दिला आणि हेल्मेट चढवलं. तळ्याच्या मध्यावर तिचं तोंड त्या फोटोतल्या बाईपेक्षाही मोठं उघडलं होतं, आणि ती ओरडत होती. ताईला एवढा आवाज आहे, हे गटाला त्या दिवशी समजलं.

घरी पोचली तेव्हा वडील आणि दोघे भाऊ टेबलाशी वाट बघत बसले होते. स्वयंपाक ती सकाळीच करून गेली होती, दोघांतल्या थोरल्याने तो गरमही केला होता. वाढलं मात्र नव्हतं.

ताईने हात धुतले, एक ताट घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मला वाढ रे आधी," ती थोरल्याला म्हणाली. "फार भूक लागली आहे."

थोरला गडबडून उठला. पातेल्यात डाव घातला आणि तिच्या ताटावर धरून तसाच उभा राहिला. ताई किती जेवते, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"किती वाढू?" त्याने विचारलं.

"मी पुरे म्हणेपर्यंत," ताई म्हणाली.