सरांचा हलका लॅपटॉप

वजन कमी करण्यासाठी एवढं वजन वाहणारा माणूस अख्ख्या सिल्वासात दुसरा नसेल, आणि ते दुसऱ्याच्या स्कूटरवरून वाहणारा तर नाहीच नाही. स्कूटर माझी. माणूस म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे, माझ्याच शाळेत भूगोल शिकवणारे सर.

सरांचा खांदा धरला तेव्हा वहिनींनी त्यांचा जाडजूड लॅपटॉप हट्टाने काढून टाकायला लावला आणि स्वतः दुकानात जाऊन सगळ्यांत हलका निवडून आणला. दिसायला देखणा, उचलायला वहीसारखा. फक्त त्याला छिद्रं दोनच, तीही एवढीएवढीशी. एकात चार्जर जाई. दुसऱ्यात आमच्या शाळेतली एकही वस्तू जात नसे. ना पेनड्राइव्ह, ना माउस, ना प्रोजेक्टरची वायर. "हलकं हवं तर काहीतरी सोडावं लागतंच हो," असं सर मला समजावत. स्वतः मात्र त्यांनी काही म्हणता काही सोडलं नाही. गेलेलं प्रत्येक छिद्र त्यांनी कनेक्टरच्या रूपात परत विकत आणलं आणि तांदळाच्या कापडी पिशवीत भरलं. तास सुरू झाला की ते एका शेपटाला दुसरं शेपूट जोडत बसत. मुलं इतकी तल्लीन होऊन बघत, की नंतर येणारे मोसमी वारे त्यांना फिके वाटत.

ही पिशवी वहिनींना दिसता कामा नये, ही सरांची एकमेव अट. "तिने एवढ्या हौसेने आणलाय. तिला कशाला वाईट वाटायला हवं?" म्हणून पिशवीचा मुक्काम माझ्या डिकीत. रोज सकाळी वहिनी फाटकाशी येऊन लॅपटॉप दोन बोटांनी उचलून दाखवत. "बघा भावोजी, किती हलका. उगाच ते धूड वाहत होते." मी मान डोलवत असे. पिशवीमुळे सीट बंद होत नसे. सर मागे बसले की मग होई.

शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी मात्र मसाटच्या वळणावर स्कूटर पंक्चर झाली. ती दुकानात टाकून आम्ही घाईघाईने रिक्षा पकडली आणि पिशवी डिकीतच राहिली. सरांनी मुलांच्या सहलीची फिल्म महिनाभर खपून तयार केली होती. ती बघायला कारखान्यातली पाळी बदलून आईबाप आले होते. प्रोजेक्टरवाल्याने वायर लॅपटॉपला लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, आ तो घुसतुं ज नथी."

सर वायर उलटीसुलटी करून पाहू लागले. मी कानात म्हटलं, "पिशवी राहिली म्हणून सांगा ना सरळ. कोणीतरी आणेल."

"कसं सांगू? ही पहिल्या रांगेत बसलीये."

तेवढ्यात वहिनी शांतपणे उठून स्टेजवर आल्या. पर्समधून एक कनेक्टर काढून त्यांनी सरांच्या हातावर ठेवला. नेमका हवा तोच होता. "यापुढे सगळे डिकीत नको, एक घरी पण ठेवत जा," एवढंच म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. फिल्म लागली. पडद्यावर मुलं दमणगंगेच्या पुलावरून हात हलवत होती आणि सर अंधारात चष्मा पुसत होते.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवी पुन्हा माझ्याच डिकीत कोंबली, वहिनींनी लॅपटॉप दोन बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, "बघा भावोजी, किती हलका." दोघांच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मीही मान डोलवली.

यंदा सर निवृत्त झाले आणि दोघं दापोलीकडे राहायला गेली. सामान बांधताना पिशवी माझ्याकडेच राहिली. मी फोन केला, "पाठवून देऊ का?"

"नको हो," सर दबक्या आवाजात म्हणाले. "इथे लपवणार कुठे?"

मागून वहिनी विचारत होत्या, भावोजींची डिकी बंद होते का आता म्हणून. होत नाही. मागे बसायला कोणी नाही ना.