खिडकीतली कबुतरं

तीन महिने माझा खोकला जात नव्हता. काढे झाले, औषधाच्या बाटल्या झाल्या. मग एक दिवस भाजीची पिशवी घेऊन घरी येताना जिन्यात एवढा दम लागला, की पायरीवरच बसावं लागलं. नवरा म्हणाला, "आता छातीच्या डॉक्टरकडंच जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि भलतंच काही विचारायला लागल्या. घरात ओल आहे का? कापसाचं, पिठाचं काम पडतं का? खोकला कुठं कमी होतो का? या शेवटच्या प्रश्नावर मी थबकले. मी सांगितलं, पिशोरला माहेरी आठवडाभर होते, तेव्हा जवळपास खोकलेच नव्हते. आई म्हणाली होती, "इथली हवा लई चांगली."

"मग इथं संभाजीनगरच्या घरात असं काय आहे, जे माहेरी नाही?" बाईंनी विचारलं.

मी मनातल्या मनात सगळ्या खोल्या फिरले. झोपायच्या खोलीच्या खिडकीत बंद कूलर होता. त्यावर कबुतरांनी घरटं केलं होतं. त्यांना रोज ज्वारी मीच टाकायची, घाणही मीच झाडायची. तेही बाईंना सांगितलं.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांना सूज दिसली. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काही जणांना अशी बाधते, हे मला तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या. मी पुन्हा माहेरी गेले, तेवढ्यात नवऱ्यानं माणसं लावून कूलर काढला, खोली धुऊन घेतली आणि खिडकीला जाळी बसवली.

दोन महिन्यांत खोकला थांबला. दम अजून थोडा लागतो, म्हणून तपासणीला जाते. बाईंचे प्रश्न आता मला भलते वाटत नाहीत.