भाजलेली पट्टी

"आधी पायाखाली बघा, मग बोला." जीवराम आबांचं हे बोलणं गावातल्या लहानथोरांना पाठ होतं. जळगावजवळच्या असोद्याच्या पुढचं हे केळीचं गाव. इथं समुद्र कोणी पाहिला नव्हता. आबा मात्र नौदलातून कमांडर होऊन परतले होते आणि अजूनही पाय फाकून चालायचे, खाली जहाज डुलत असल्यासारखे.

तरुणपणी ते सेनादलाकडून रणजीचे तीन सामने खेळले. अकरा बळी घेतले. चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी जहाज सुटायचा हुकूम आला. परतले तोवर त्यांच्या जागी दुसरा गोलंदाज पक्का झाला होता. हे त्यांनी एकट्या सुपडूला सांगितलं, कारण गेले दोन हिवाळे त्यांच्या जोडीनं खेळपट्टीवर रूळ ओढायला तोच होता.

सुपडूची उमर वीटभट्टीवर गेलेली. आबांनी तापीकाठची काळी माती आणून गावच्या मैदानात खेळपट्टी बांधायला घेतली, तसा तो त्यांच्याकडे आला. पाणी मारायचं, सुकू द्यायचं, रूळ फिरवायचा. "अजून कडक पाहिजे, सुपडू," आबा अंगठ्यानं माती दाबून म्हणायचे.

आणि आता जिल्ह्याच्या क्रिकेट संघटनेची माणसं उद्या मैदान बघायला येणार होती. पट्टी पसंत पडली तर पोरांचे जिल्ह्याचे सामने इथंच होणार होते. आबांना दुसरं काही मागायचं उरलं नव्हतं.

दुपारी ते नवे स्टंप आणायला जळगावला गेले. तेवढ्यात सरपंच पंडितनं त्यांच्या मानासाठी भरिताची पार्टी काढली. वांग्यांचं पोतं आलं, ती भाजायला कपाशीच्या काड्यांचे भारे आले.

"सुपडू, सपाट जागा दाव रे!" पंडितनं हाक दिली.

सुपडूनं पट्टी दाखवली. मुद्दाम दाखवली. कच्ची वीट आगीत पक्की होते, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. आबांना हवा तो कडकपणा एका दुपारीत येणार होता. जाळ चढला तसा तो मनातून फुलत गेला.

आबा आले तेव्हा वांगी सोलून होत आली होती. राखेखाली माती तांबूस झाली होती, आणि टप्पा पडायच्या जागीच बोट जाईल एवढ्या भेगा. आबा गुडघ्यावर बसले. एक ढेकूळ उचललं. त्याचा बोटांत भुगा झाला.

"आबा, पयला घास तुमचा!" पंडित ताट घेऊन आला.

"जागा कोणी दाखवली?"

"सुपडूनं. कायले चिडता? राखच तं आहे, झाडून टाकू."

"झाडू नका. माझ्या तेराव्यालाही इथंच भाजा वांगी. जागा झकास सापडलीय तुम्हाला."

कोणीतरी हसलं.

"आबा," सुपडू पुढं झाला, "मले वाटलं, भट्टीवानी पक्की होईन..."

आबांनी बोटांतला भुगा झटकला. "दोन वर्षं तू माझ्याजवळ होतास. मी तुला माती कधी समजावलीच नाही. नुसता बैलासारखा रूळ ओढायला लावला."

मग त्यांनी फोन लावला. "उद्या येऊ नका. खेळपट्टी नाही."

स्टंपांचा जुडगा त्यांनी भुईवर ठेवला आणि केळीच्या बागांकडे चालू लागले. मागं पंगत बसली होती. मिरची कमी पडल्याची तक्रार चालली होती. आबांकडे एकटा सुपडू बघत राहिला, पांढरा सदरा केळीच्या पानांआड दिसेनासा होईपर्यंत.