बाबांनी हात लावू नये

त्या दुपारी मी एस्प्लनेडच्या ऑफिसात डबा उघडत होते आणि फोन वाजला. डमडमला माझ्या माहेराशेजारी राहणाऱ्या बौदींचा, बंगाली वहिनींचा. "दीदी, आपनि एखुनि चोले आशुन," आत्ताच्या आत्ता या, एवढं म्हणून त्या रडायलाच लागल्या. मी गृहीत धरलं की बाबा गेले. ऐंशीकडे झुकलेला माणूस, छातीत पेसमेकर, दुसरं काय सुचणार? "बाबा?" मी विचारलं. "ना ना, मेशोमशाई भालो आछेन," त्या म्हणाल्या आणि मग पुढचं सांगितलं... बाबा ठीक आहेत. माझा धाकटा भाऊ निरंजन, आमचा निरू, गेला होता आणि बाबा ठीक होते. मेट्रोत उभी असताना मी हेच वाक्य पुन्हा पुन्हा चावत होते. खरं सांगते, दुःख फार उशिरा आलं. आधी संताप आला.

घरी पोचले तोवर निरूला हलवलं होतं. गॅरेजचं छत काळं झालं होतं आणि भिंतींवरून तेलाचे ओघळ येत होते. निरूची गाडी पुढून स्टँडवर उचललेली, पुढची चाकं काढलेली, आणि इंजिनाच्या बाजूला मूठ आत जाईल एवढं भोक. कुणी आतून बुक्की मारून बाहेर यावं तसं. जमिनीवर रक्त आणि तेल एकमेकांत मिसळलं होतं आणि त्यावर कुणीतरी घाईघाईने लाकडाचा भुसा टाकला होता. बाबा फाटकापाशी उभे होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा एक थेंबही नव्हता. तो सदरा मी जन्मात विसरणार नाही.

हे गॅरेज आमची शाळा होती. बाबा सरकारी कंपनीत अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. निरू लहान असताना शाळेत एका सरांनी त्याला वेताने इतकं मारलं की पाठीवर वळ उठले. बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, भर वर्गात त्या सरांच्या कानाखाली आवाज काढला आणि आम्हा दोघांना दप्तरांसकट घरी घेऊन आले. "माझ्या पोरांवर हात टाकतो? आजपासून शाळा घरी." आपला हात जगन्नाथ! आम्हाला बाबा त्या दिवशी देवासारखे वाटले. रिक्षात निरू त्यांच्या मांडीवर उभा राहून नाचला होता. पुढे कळलं की आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो होतो. त्या सरांकडे वेत होता, बाबांकडे सागाची जाड पट्टी होती, आणि सरांना निदान घंटा वाजल्यावर थांबावं लागायचं.

दिवसा आई शिकवायची, स्वयंपाक करता करता. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबा गॅरेजमध्ये तपासणी घ्यायचे. घर लहान, म्हणून फळा तिथे, लिलावात घेतलेल्या जुन्या गाडीच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला. प्लायवूडचा, घरीच काळा रंग दिलेला. गणित चुकलं की तळहात पुढे करायचा. हात मागे घेतला तर पट्टी पायावर. मी चुकले की निरू स्वतःचा डावा हात पुढे करून म्हणायचा, "हा ताईचा." आणि बाबा मारायचे! मला वाटायचं, आता तरी विरघळतील. छे. आई आत कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची, निदान आम्हाला तसं सांगायची. आमच्या शाळेचा नियम एकच होता: जो बिघडवेल तोच दुरुस्त करेल, आणि दुरुस्त होईपर्यंत जागा सोडायची नाही. भागाकार असो की फोडलेला कप. बाबांनी ओल्या तळहाताने फळा पुसला आणि "सुटी" म्हणाले, की मगच हलायचं. त्या शब्दाबरोबर निरू असा सुटायचा की मी चपला शोधेपर्यंत तो फाटकावर लोंबकळत असायचा.

समोर फळा आणि फळ्याखाली गाडी. निरू फळ्याकडे कमी आणि गाडीकडे जास्त बघायचा, त्याचाही मार खायचा. पण शिकला ते गाडीकडूनच. मिसरूड फुटली तोवर त्याने ते इंजिन उतरवून परत बसवलं होतं. त्याच वर्षी एका संध्याकाळी, कसल्याशा प्रमेयावरून, बाबांनी पट्टी उचलली आणि निरूने ती हवेतच धरली. नुसती झटापट, दोघांचे श्वास, आणि मग निरूने त्यांना असं ढकललं की बाबांचं डोकं गाडीच्या उघड्या बॉनेटवर आपटलं. कपाळ फाटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. मी किंचाळले. आई आतून धावत आली, तिच्या हातात पिठाचा गोळा तसाच. निरू पांढराफटक पडला होता, पण पळाला नाही. त्याने बाबांना जमिनीवर बसवलं, आपला शर्ट काढून जखमेवर दाबला, त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि टाके निघेपर्यंत रोज स्वतःच्या हाताने ड्रेसिंग बदललं. "मी बिघडवलंय, मीच करणार," आईला तो हातही लावू देत नव्हता. बाबा निमूट बसून राहायचे. त्यानंतर ती पट्टी पुन्हा उठली नाही. शाळाही हळूहळू मिटली. आम्ही बाहेरून परीक्षा दिल्या. मी नोकरीला लागले, लग्न करून बेहालाला आले. आई गेली. निरू मात्र त्या गॅरेजमधून कधी बाहेर पडलाच नाही.

तो गाड्यांना टर्बो बसवायचा, किंवा असलेला काढून मोठा घालायचा. मल्लिकबाजारातून जुने टर्बो उचलून आणायचा, रॉकेलमध्ये धुवायचा आणि दुपारभर बोटाने त्यांचे पंखे फिरवत बसायचा. मला एकदा समजावलं होतं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर हा पंखा फिरतो आणि इंजिनाच्या तोंडात आणखी हवा कोंबतो. "ताई, ज्या धुराला सगळे हाकलून देतात ना, त्याच्याच बळावर हे चालतं." मला वाटायचं तो स्वतःबद्दल बोलतोय. पण त्याला असली सूचक बोलणी जमत नसत. तो टर्बोबद्दलच बोलत होता. त्याचं मराठी आईच्या पुस्तकांतलं, जरा जुनं, घोटीव. शिव्या मात्र अस्सल बंगाली.

आणि हात लगेच उठायचा. बाबांचाच मुलगा. गाडीच्या आवाजावरून गल्लीत कुणीतरी त्याला "ओशिक्खितो" म्हणालं, अशिक्षित, शाळेचं तोंड न पाहिलेला. निरूने त्या माणसाचा दात पाडला. मग त्याच माणसाला स्कूटरवर मागे बसवून दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि दात बसेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. पुढे ते दोघं मित्र झाले. त्या माणसानेच निरूला शेवटचा खांदा दिला. मी निरूवर चिडायचे, "अरे, आधी मारायचंच कशाला?" तर हसायचा. त्याला हा प्रश्न मुळात कळायचाच नाही. आमच्या घरात मार हा हवेसारखा होता. नंतर मलम लावायचं की नाही एवढाच प्रश्न असायचा.

अलीकडे बाबा त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये बसायला लागले होते. निवृत्त, एकटा माणूस. स्टुलावर बसून पाने-पकडी पुसून द्यायचे, चहा आणायचे, आणि नको तिथे नाक खुपसायचे. म्हणून निरूने फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: बाबांनी हात लावू नये. मी गेले की बाबा तक्रार करायचे, "बघ शरू, तुझा भाऊ मला आता वर्गाबाहेर उभा करतो." निरू गाडीखालून ओरडायचा, "वर्गाबाहेर नाही, वर्गातच! फक्त हाताची घडी घालून बसा." दोघं हसायचे. एवढ्या वर्षांनी त्या खोलीत हसणं आलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर जास्त राग येतो.

त्या दिवशी काय झालं ते बाबांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. निरू आत जेवत होता. बाबांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल कमी दिसलं. गाडी पुढून उचललेली असली की ती पट्टी खोटं बोलते, हे निरूला माहीत होतं, बाबांना नव्हतं. त्यांनी शेजारचा अख्खा डबा ओतला. वर मनात म्हणाले म्हणे, पोरांना आणि इंजिनाला तेल कमी पडू देऊ नये. जेवून निरू आला, इंजिन सुरू केलं. जास्तीचं तेल उसळून टर्बोच्या वाटेने इंजिनाच्या तोंडात गेलं. डिझेलच्या इंजिनाला पेटायला तेलही चालतं. ते स्वतःचंच तेल प्यायला लागलं आणि किंचाळत वर वर चढत गेलं. निरूने किल्ली बंद केली. काही उपयोग नाही. गियर टाकून इंजिन बंद पाडावं तर त्याचा जोर घेणारी पुढची चाकंच काढलेली. गॅरेज पांढऱ्या धुराने भरलं. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात. हवेचं तोंड बंद करून इंजिनाचा गळा दाबायचा, किंवा बाहेर पळून त्याला मरू द्यायचं.

"पळा!" निरू ओरडला. बाबा पळाले. निरूने खिळ्यावरचा फळा ओढला, हवा आत घेणाऱ्या पाईपवर दाबला आणि अंगाचा भार देऊन उभा राहिला. अक्षरं त्याच्याच तोंडासमोर असणार. थांबण्याआधीच इंजिन फुटलं आणि आतला दांडा लोखंड फोडून बाहेर आला, तो त्याच्या पोटात... चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या गॅरेजमध्ये झाली. बिघडवलं कुणी, आणि जागा न सोडता उभं कोण राहिलं? अरे, जळू द्यायचं होतंस ते इंजिन! भंगारात गेलं असतं. तू नियम पाळलास, आणि नियम करणारा फाटकाबाहेर उभा होता.

काही आठवडे मी बाबांशी धड बोलले नाही. डबा नेऊन ठेवायचे आणि निघायचे. मग एका सकाळी गाडी न्यायला भंगारवाल्याला संध्याकाळची वेळ देऊन टाकली, बाबांना न विचारता, आणि स्वतः दुपारीच पोचले. बाबा गॅरेजमध्ये होते. बौदी म्हणाल्याच होत्या, मेशोमशाई सकाळी आत जातात ते अंधार पडेपर्यंत बाहेर येत नाहीत, जेवतही तिथेच. फुटलेल्या इंजिनासमोर स्टूल टाकून, हातात पाना घेऊन ते बसले होते. कोपरापर्यंत तेल. तोच पांढरा सदरा, आता काळा. पायाशी वाकलेल्या दांड्याचा तुकडा. फळा परत खिळ्यावर टांगलेला, मधोमध उभा तडकलेला, आणि त्यावर निरूची अक्षरं. जरा फिसकटलेली, पण वाचता येत होती.

"हे कुठे बसतं, समजत नाही गं," बाबा तुकडा दाखवत म्हणाले.

माझा तोल गेला. मी कोपऱ्यातला लोखंडी पाईप उचलला आणि गाडीची पुढची काच फोडली. मग दिवे. मग दारं. "पळालात तुम्ही! आयुष्यभर आम्हाला हलू दिलं नाहीत आणि स्वतः पळालात!" बाबा स्टुलावरून हलले नाहीत. काचा त्यांच्या केसांत पडल्या होत्या. "हो," ते म्हणाले. "पळालो." आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला, सरळ, बोटं जुळवून, जसा आम्ही करायचो तसा. सागाची पट्टी अजून खिडकीत होती, निरू तिने ग्रीस खरवडायचा. मी ती घेतली आणि मारली. होती नव्हती ती ताकद लावून मारली. बाबांनी हात मागे घेतला नाही. मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. आणि मग त्यांनी डावा हात पुढे केला.

तो हात पाहून मी पट्टी टाकून दिली. तिथेच, तेलात आणि काचांत बसून मी पहिल्यांदा निरूसाठी रडले.

"बाबा, उठा आता," शेवटी मी म्हणाले.

"अजून दुरुस्त झालं नाही," ते म्हणाले. अगदी साधेपणाने. मला कळलं, ते काही माझ्यावर रुसलेले नव्हते. त्यांना त्या जागेवरून उठता येत नव्हतं, आणि उठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

हे छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. "सगळं लिही," एवढंच म्हणाले. म्हणून हेही लिहिते, की मी त्यांना माफ केलेलं नाही. कदाचित करणारही नाही. पण त्या दुपारी मी नळाखाली हात ओला करून आले आणि फळ्यासमोर उभी राहिले. निरूच्या हातचं तेवढंच उरलं होतं. चार शब्द, 'नये'ची मात्रा नेहमीसारखी लांब ओढलेली. मी खूप वेळ वाचत राहिले. मग तळहात टेकवला आणि पुसलं.

"सुटी," मी म्हणाले.

बाबांनी पाना खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. मी त्यांच्या केसांतल्या काचा वेचल्या, आणि आम्ही दोघं बाहेर आलो. बाबा उंबऱ्याशी थांबून फाटकाकडे बघत होते. मीही बघत होते. निरू असता तर एव्हाना तिथे पोचला असता.