चार तळ्यांची बेरीज

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीतल्या ताईंना सगळे ‘पाणीवाल्या ताई’ म्हणतात. नळाचं नव्हे हो, पोटातलं पाणी! बाळ ज्यात तरंगतं ते. बावीस वर्षं त्या ते मोजतायत आणि मी शेजारी उभी राहून पोटांवरची जेली पुसतेय.

खोलीत कायम संध्याकाळ. पडद्यावर करड्या धुक्यात काळी तळी दिसतात. ताई पोटाचे चार भाग करतात, प्रत्येकातल्या सगळ्यात मोठ्या तळ्याची खोली घेतात आणि बेरीज मांडतात. बघता बघता मलाच पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. पाय दुखायचे थांबतात.

ताई मात्र भारी सावकाश. मी फटकळ. “आटपा की ताई, बाळ शाळेत जायचं आता!” त्या नुसत्या हसतात.

त्या दिवशी टेबलावर माझीच लेक होती. दिवस भरत आलेले, बाळ सकाळपासून फारसं हललं नव्हतं. बाहेर चौदा जणी ताटकळलेल्या. माझा जीव टांगणीला, पण जीभ गप्प बसते होय? “घरचंच माणूस आहे ताई, पटकन उरका.” माझ्या शब्दाखातर त्यांनी पहिल्यांदाच घाई केली. बेरीज नऊ. “छान आहे,” म्हणाल्या.

आम्ही जिना उतरत होतो, तेवढ्यात ताई अनवाणी धावत आल्या. “मावशी, थांबा! मी रंग लावलाच नाही.”

रंग म्हणजे मशीनचं एक बटण. ते दाबलं की वाहतं रक्त लाल-निळं दिसतं. लेकीला पुन्हा झोपवलं. बटण दाबलं आणि दोन तळी डोळ्यांदेखत लाल-निळी झाली. किती सुंदर दिसत होतं ते! पण ते पाणी नव्हतंच. वेटोळी घालून बसलेली नाळ होती, आणि नाळ मोजायची नसते. नवी बेरीज आली तीन. पाचाच्या खाली म्हणजे पाणी फार कमी, बाळाला धोका.

“बाळ जाईल का हो?” मी ताईंचा हात धरला.

“आकडा भविष्य नाही सांगत, मावशी. थांबू नका, एवढंच तो सांगतो.”

डॉक्टरांनी दुपारीच ऑपरेशन केलं. नात एवढीशी, पण रडली मात्र दणक्यात. ताई कोपऱ्यात डोळे पुसत होत्या. “चुकले हो मी.”

“तुम्ही कसल्या चुकलात? घाई माझी होती.” मीही रडले.

आता बाहेरून कुणी “लवकर करा” म्हणालं, की मी दार ओढून घेते. आणि हळूच विचारते, “ताई, रंग लावला?”