डब्यातली चौथी चपाती

गेल्या मंगळवारी आमच्या लालबागच्या घरात मी चक्क चपातीचोर पकडला...

माझी लेक सई सात वर्षांची, तिला टाइप वन डायबिटीस आहे. आठवड्यात चार वेळा तिची सकाळची शुगर भलतीच जास्त आली. आणि नेमकं त्याच दिवशी, रात्री मोजून ठेवलेल्या चार चपात्यांच्या सकाळी तीन! उंदीर डब्याचं झाकण परत लावून जातो का हो?

संशय अर्थात सासूबाईंवर. मला विचारल्याशिवाय सईच्या तोंडात काही घालायचं नाही, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. पण सई झोपते त्यांच्याच कुशीत... म्हटलं, नातीचे लाड चाललेत चोरून!

त्यात दूध आलं नाही की कॅलेंडरवर गोल करायचं काम आईंचं, म्हणजे सासूबाईंचंच. त्या आठवड्यात चार गोल, आणि दूध तर रोज आलेलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

मंगळवारी चौथ्या वेळी २४० आली आणि माझं डोकंच फिरलं. आज रात्रीचं इन्सुलिन मीच वाढवते, असं तणतणले... तशा आई पोळपाट सोडून उठल्या. "नको गो! चपाती मीच देतंय तिका."

मग सगळं बाहेर आलं. गणपतीसाठी चाळीत संध्याकाळी लेझीमची प्रॅक्टिस चालते. सई लेझीम खेळून आली की त्या रात्री पंख्याखालीसुद्धा तिची मान घामाने भिजायची, हात थरथरायचे. आई तिला उठवून दूध-चपाती भरवायच्या आणि सकाळी कॅलेंडरवर गोल करायच्या. "तुका सांगूक भियालंय," म्हणाल्या.

लेकीची शुगर झोपेत पडत होती आणि मी चपात्या मोजत बसले होते! आई गावाला गेलेल्या असत्या आणि मी डोस वाढवला असता तर... नकोच तो विचार.

लगेच डॉक्टरांना फोन लावला. दमवणाऱ्या खेळानंतर असं होतं, म्हणाले. लेझीमच्या दिवसांचा डोस त्यांनी ठरवून दिला, झोपताना आणि मध्यरात्री शुगर बघायला सांगितलं. घाम दिसला तर आधी मोजायचं, कमी असेल तर ग्लुकोज, मग चपाती. ओरडले दोघींना... मला जरा जास्तच.

आता कॅलेंडरवर गोल आई करतात, आत आकडा मी लिहिते. चपात्या अजून मोजते, स्वभाव कुठे जातोय!

पण मला इतक्या घाबरायच्या, तरी चारही रात्री उठल्या. आई फेसबुकवर नाहीत... म्हणून हे आज त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवणार आहे.